कामाच्या ताणात मुक्या जिवाची सोबत

रुग्णालयात, पोलीस ठाण्यात किंवा अग्निशमन केंद्रात कर्मचाऱ्यांना धीर मिळावा म्हणून एखादं कुत्रं आणायचं, हे ऐकलं की आपल्याकडे बहुतेकांना ते चोचले वाटतात. जिथे रात्रपाळीला दोन सिस्टर अख्खा वॉर्ड ओढतात, जिथे बंदोबस्तावरच्या महिला शिपायाला साधं स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं, तिथे हे कुत्र्यामांजरांचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. या पुस्तकाची प्रस्तावना मी तो प्रश्न समोर ठेवूनच लिहितो आहे. ताणाच्या नोकरीत प्राण्याची सोबत खरोखर उपयोगी पडते, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. पण ती सोबत माणसाच्या हक्काच्या विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय ती देणारा जीवही तिथे कामावरच असतो, त्यालाही थकवा येतो. या दोन्ही गोष्टींचं भान सुटलं की चांगला उपक्रम बघता बघता देखाव्याचा होतो.

कल्पना तशी जुनी आहे. १९४९च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाची 'अ‍ॅमेथिस्ट' ही युद्धनौका चीनमधल्या यांगत्से नदीतून जात असताना कम्युनिस्ट फौजेच्या तोफांच्या माऱ्यात सापडली. कितीतरी खलाशी मारले गेले, कप्तान जखमांनी दगावला. एक गोळा कप्तानाच्या खोलीत फुटला आणि तिथे असलेलं सायमन नावाचं काळंपांढरं मांजर भाजलं, त्याच्या अंगात धातूचे तुकडे घुसले. हाँगकाँगच्या गोदीत सापडलेल्या या मांजराला एका सतरा वर्षांच्या खलाशाने वर्षभरापूर्वी नौकेवर आणलं होतं. ते वाचेल असं कोणालाही वाटलं नव्हतं, पण वाचलं. नौका पुढे सुमारे तीन महिने नदीतच अडकून पडली. उकाडा असह्य, इंधन जपून वापरायचं, शिधा मोजका आणि त्यातही उंदरांनी उच्छाद मांडलेला. जखमा भरत आल्या तसा सायमन उंदरांच्या मागे लागला. पण त्याची दुसरी कामगिरी मला जास्त मोलाची वाटते. आजाऱ्यांच्या खोलीत काही अगदी कोवळ्या वयाची पोरं पडून होती. डोळ्यांदेखत सोबती गेलेले, त्यामुळे जखमेपेक्षा धक्का मोठा. डॉक्टरने सायमनला मुद्दाम त्यांच्यात सोडलं. तो एकेकाच्या बिछान्यावर जाऊन बसायचा.

जुलैच्या अखेरीस एका रात्री अंधाराचा फायदा घेऊन नौका निसटली. सायमन इंग्लंडला पोहोचला, पण तिथल्या नियमाप्रमाणे विलगीकरणात असतानाच २८ नोव्हेंबर १९४९ रोजी तो गेला. युद्धातल्या प्राण्यांना दिलं जाणारं डिकिन पदक त्याला मरणोत्तर मिळालं, आणि हे पदक मिळालेलं ते आजवरचं एकमेव मांजर आहे. त्या पोरांना नेमकं काय मिळालं असेल? माझ्या मते पहिली गोष्ट अशी की सायमनने त्यांना काही विचारलं नाही. आणि दुसरी, तो त्याच माऱ्यातून वाचला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

वैद्यकशास्त्राला हे सुचायला वेळ लागला असं मात्र नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात दीर्घ आजाऱ्यांसाठी लहानसा पाळीव प्राणी चांगला सोबती ठरतो असं नोंदवलं आहे. तिने स्वतः अथेन्समध्ये सापडलेलं घुबडाचं पिल्लू पाळलं होतं. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आलं, की आपलं 'जिंगल्स' नावाचं कुत्रं खोलीत असलं की न बोलणारी मुलं बोलती होतात. १९६१ साली त्यांनी हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं तेव्हा काहींनी त्यांची टर उडवली. पण लेव्हिन्सन मागे हटले नाहीत, आणि आज प्राण्यांच्या साहाय्याने होणाऱ्या उपचारांच्या अभ्यासात त्यांचं नाव सुरुवातीलाच घेतलं जातं.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारं किंवा झटका येण्याआधी सावध करणारं कुत्रं म्हणजे सेवा-श्वान. ते एका माणसासाठी, एका ठरावीक कामासाठी शिकवलेलं असतं. थेरपी डॉग आपल्या हँडलरबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसाबरोबर, रुग्णालयात किंवा शाळेत जाऊन अनेकांना भेटतं. आणि इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल, म्हणजे भावनिक आधाराचा प्राणी, हा आपल्या माणसाला केवळ जवळ असण्याने आधार देतो. त्याला विशेष प्रशिक्षण असायलाच हवं असं नाही. अमेरिकेत १९९०च्या अपंगत्वविषयक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क दिला तो सेवा-श्वानांना. भावनिक आधाराच्या प्राण्यांना तो नाही. तरीही विमानकंपन्यांना बरीच वर्षं त्यांना केबिनमध्ये घ्यावं लागे, आणि त्या सवलतीचा पुष्कळ गैरफायदा घेतला गेला. २०१८ साली न्यूअर्कच्या विमानतळावर एका प्रवाशाला मोर घेऊन विमानात बसायचं होतं. अखेर जानेवारी २०२१ पासून अमेरिकी वाहतूक खात्याने नियम बदलला आणि विमानकंपन्यांवरचं ते बंधन काढलं. या सगळ्यात खरं नुकसान झालं ते ज्यांचं पाऊल सेवा-श्वानावाचून पुढे पडत नाही अशा लोकांचं, कारण त्यांच्या कुत्र्याकडेही लोक संशयाने बघू लागले. या पुस्तकाचा भर आहे तो कामाच्या जागी, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी, हँडलरच्या देखरेखीखाली असलेल्या प्रशिक्षित प्राण्यांवर. आपल्याकडे सुरुवात करायची तर ती याच प्रकारापासून करावी, असं मलाही वाटतं.

आता पुराव्याकडे वळू. मला सगळ्यात बोलका वाटतो तो न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठाच्या कॅरन अ‍ॅलन यांचा, २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यांनी ४८ शेअर दलाल निवडले. सगळे एकटे राहणारे, सगळ्यांना उच्च रक्तदाब, आणि धंदा असा की फोन खाली ठेवायची सोय नाही. सगळ्यांना रक्तदाबाचं एकच औषध सुरू केलं आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे जण निवडून त्यांना कुत्रं किंवा मांजर पाळायला लावलं. सहा महिन्यांनी परीक्षा घेतली ती भराभर तोंडी हिशेब करायला लावून आणि भाषण करायला लावून. नुसतं बसलेलं असताना दोन्ही गटांचा रक्तदाब औषधाने उतरलेलाच होता. पण डोक्याला ताण पडला की औषधाचा तेवढा उपयोग होईना. ज्यांच्याजवळ प्राणी होता त्यांचा रक्तदाब त्या घटकेला बाकीच्यांच्या मानाने पुष्कळच कमी चढला. औषध विसाव्याच्या वेळी काम करत होतं, प्राणी ताणाच्या वेळी. यातला फरक आयसीयूत किंवा कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला कोणी वेगळा समजावून द्यायला नको.

इतर अभ्यास इतके ठसठशीत नाहीत, पण दिशा तीच दाखवतात. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या रँडॉल्फ बार्कर यांनी २०१२ साली ग्रीन्सबरो शहरातल्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कंपनीत पाहणी केली. तिथे कर्मचाऱ्यांना आपलं कुत्रं कामावर आणायची मुभा होती. दिवस चढत गेला तसा इतरांनी सांगितलेला ताण वाढत गेला. कुत्रं सोबत असलेल्यांचा मात्र वाढला नाही. त्याच लोकांनी ज्या दिवशी कुत्रं घरी ठेवलं त्या दिवशी त्यांचाही ताण वाढला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २०१९ साली २४९ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला: काहींना दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना कुरवाळू दिलं, काहींना दुरून नुसतं बघू दिलं, काहींना त्यांचे फोटो दाखवले. प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा खाली आलेलं आढळलं. यातून कोणाचं नैराश्य बरं झालं असा निष्कर्ष काढायचा नसतो. दहा मिनिटांनी शरीर शांत होतं, एवढंच त्यातून कळतं. पण सलग ताणाच्या कामात ही दहा मिनिटं क्षुल्लक नसतात.

हे कशामुळे होतं, याचं एक उत्तर शरीरात आहे. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्यात जे संप्रेरक काम करतं, तेच हे. दुसरं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं आणि ते कामाच्या जागेच्या रीतीभातींत आहे. वर्दीच्या नोकरीत आणि रुग्णालयातही खचलो असं म्हणायची सोय नसते. समुपदेशकाकडे गेलो तर कागदावर येईल, बढतीला आडवं येईल, शस्त्र काढून घेतील, बाकीचे पाठीमागे बोलतील. म्हणून माणूस 'मी ठीक आहे' म्हणून पुढच्या ड्युटीला उभा राहतो. कुत्र्यापाशी जायला मात्र कसलीच सबब लागत नाही. मोठा हवालदारही खाली बसून कुत्र्याचे कान खाजवू शकतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हात कामात गुंतलेले असतात, नजर समोरच्या माणसाकडे नसते, आणि अशा वेळी तोंडून शब्द आपोआप सुटतो.

इंग्लंडमधल्या डेव्हन आणि सॉमरसेट अग्निशमन दलाने ही गोष्ट नेमकी हेरली. त्यांच्याकडे डिग्बी नावाचं कुरळ्या केसांचं लॅब्राडूडल जातीचं कुत्रं होतं. एखादी वर्दी भयंकर निघाली, लहान मूल दगावलं, गाडीतून माणसं कापून काढावी लागली, तर परत आल्यावर पथकाला एकत्र बसवून बोलतं करायची तिथे पद्धत आहे. डिग्बी त्या बैठकीत असायचा. अग्निशामक जवान तसे कमी बोलणारे, पण कुत्रं मध्ये आलं की खोलीतलं अवघडलेपण सैल होतं, एवढाच त्यामागचा विचार. २०२१ साली मात्र त्याच्याकडून न ठरलेलं काम झालं. एक्सेटरजवळ एम-५ महामार्गावरच्या पुलाच्या कठड्यापलीकडे एक तरुणी उभी होती. पोलिसांचे समजूत घालायचे प्रयत्न चालले होते आणि परिस्थिती हाताबाहेर जात होती. तेव्हा जवानांपैकी एकाला डिग्बीची आठवण झाली. डिग्बीला घेऊन गाडी आली, त्या तरुणीने चटकन मान वळवून पाहिलं आणि ती हसली. मग त्याच्याविषयी आणि त्याच्या कामाविषयी बोलणं सुरू झालं. याला भेटायला इकडे येतेस का, असं विचारल्यावर ती कठड्याच्या अलीकडे आली. पोलिसांनी आणि जवानांनी तिथे जे केलं ते कुत्र्यामुळे कमी ठरत नाही. त्यांना बोलण्याची वाट मिळत नव्हती, ती डिग्बीने मोकळी करून दिली.

सैन्याने आणि पोलिसांनीही हा मार्ग धरला आहे. अमेरिकी सैन्याने २००७च्या अखेरीस 'बो' आणि 'बज' नावाची दोन काळी लॅब्राडॉर कुत्री इराकमधल्या युद्धताण-निवारण पथकांबरोबर धाडली. ६ जानेवारी २०२१ च्या अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यानंतर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल पोलिसांनी 'लायला' नावाचं कुत्रं खास आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलं. कोर्टांचा अनुभव वेगळा आणि मोठा आहे, त्याला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलेलं आहे, म्हणून इथे तो विस्ताराने सांगत नाही.

रुग्णालयांच्या बाबतीत कोविडने सगळं बदललं. तोवर थेरपी डॉग यायचं ते पेशंटसाठी, आणि जाता जाता सिस्टरनी त्याला थोपटलं तर थोपटलं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या वेक्सनर वैद्यकीय केंद्राने मार्च २०२० मध्ये, साथ दारात आलेली असतानाच, मुद्दाम कर्मचाऱ्यांसाठी असा उपक्रम सुरू केला. त्याच वसंतात डेन्व्हरच्या रोझ मेडिकल सेंटरमधला एक फोटो जगभर फिरला: तातडीच्या विभागातली डॉक्टर मास्क लावून जमिनीवर बसली आहे आणि तिच्याजवळ विन नावाचं सेवा-श्वान होण्यासाठी शिकत असलेलं पिवळं लॅब्राडॉर आहे. फोटो गोड म्हणून लोकांनी तो पुढे पाठवला. मी त्यात पाहिली ती डॉक्टरची बसण्याची पद्धत. भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ सोडून, जिथे जागा मिळाली तिथे बसलेलं माणूस. आपल्या केईएमच्या किंवा ससूनच्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही ती बसण्याची तऱ्हा ओळखीची वाटेल.

नीट चाललेलं सत्र कसं दिसतं, ते इथे सांगतो. आधी जागा: वॉर्डातला कोपरा नव्हे, दार लावता येईल अशी वेगळी खोली, जिच्यात पेशंटचे नातेवाईक डोकावणार नाहीत. दारात हात धुवायची सोय, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा. हँडलर खुर्चीत न बसता खाली बसतो, कुत्र्याच्या पट्ट्याची दोरी सैल, पण हातात. हँडओव्हर आटोपून सिस्टर आत येते आणि पहिल्यांदा दारातच थबकते. तिला कोणी बोलावत नाही, 'घाबरू नका' असंही म्हणत नाही. कुत्रं आपल्या वेळेने उठून जवळ जातं आणि वास घेतं. डोक्यावर वरून हात आला तर बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही, म्हणून हँडलर एवढंच सुचवतो की छातीवर किंवा खांद्यापाशी हात ठेवा. दोनतीन मिनिटं कोणी काही बोलत नाही. मग ती कुत्र्याचं नाव विचारते, वय विचारते, आणि मग कधीकधी त्या रात्री बेड नंबर अमुकला काय झालं ते सांगू लागते. सांगते कुत्र्यालाच. हँडलरने त्यावर सल्ला द्यायचा नसतो. ज्याच्याकडे पुढे पाठवायचं त्या समुपदेशकाचा नंबर मात्र त्याच्या खिशात असावा लागतो, कारण कधी असं काही बाहेर येतं की ते तिथेच सोडून देता येत नाही.

आणि या सगळ्या वेळात हँडलरचं लक्ष माणसापेक्षा कुत्र्याकडे जास्त असतं. झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखे ओठ चाटणं, मान वळवून घेणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं. ही त्याची 'आता पुरे' सांगण्याची पद्धत आहे. ती दिसली की हँडलरने उठायचं, मग समोर रुग्णालयाचे अधिष्ठाता बसलेले असोत. 'पेट पार्टनर्स' या अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेचा नियम आहे, की एका प्राण्याने दिवसात दोन तासांहून जास्त भेटी द्यायच्या नाहीत. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. २००१ साली न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात शोध घेणाऱ्या कुत्र्यांना दिवसचे दिवस जिवंत माणूस सापडेना. त्यांचा हुरूप जाऊ नये म्हणून हँडलर एखाद्या जवानाला मुद्दाम लपवून त्याला शोधायला लावत. प्राणी आपल्या दुःखात नुसता उभा राहत नाही, त्याच्यावर त्याचा परिणाम होतो. दुसऱ्याचा ताण हलका करायला आणलेल्या जिवावर आपण ताण लादणार असू, तर तो उपक्रम त्याच दिवशी बंद करावा.

माणसांच्या बाजूनेही काही हरकती खऱ्या आहेत. कुणाला लहानपणी कुत्रं चावलेलं असतं आणि ती भीती चाळिशीतही तशीच असते. कुणाला केसांनी दमा होतो. कुणाच्या श्रद्धेत कुत्र्याचा स्पर्श बसत नाही. अशा कर्मचाऱ्याला तुच्छतेने वागवलं, 'एवढं काय त्यात' म्हटलं, तर ताण कमी करायला निघालेल्यांनीच तो वाढवला असं होईल. म्हणून सत्र ऐच्छिक हवं, त्याची वेळ आधी फळ्यावर लागायला हवी आणि जाण्यायेण्याचा वेगळा रस्ता असायला हवा. संसर्गाचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुत्र्याच्या अंगावरून जंतू एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाऊ शकतात, म्हणून हात धुणं, कुत्र्याची आंघोळ, लसीकरण, नियमित तपासणी, आणि कच्चं मांस खाणारा प्राणी रुग्णालयात न आणणं, ही पथ्यं पाळावीच लागतात.

आपल्याकडे ही वाट अगदीच अनोळखी नाही. अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनच्या माध्यमातून मानसतज्ज्ञ मीनल कविश्वर यांनी मुंबई-पुण्याकडे प्राण्यांच्या साहाय्याने उपचाराचं काम कितीतरी वर्षं चालवलं आहे. मुंबई विमानतळावर प्रवाशांना भेटायला थेरपी डॉग येतात. टाटा समूहाच्या मुख्यालयाचं, फोर्टमधल्या बॉम्बे हाउसचं, २०१८ साली नूतनीकरण झालं, तेव्हा तिथल्या भटक्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर खास जागा राखली गेली. गोव्यात सापडलेलं, म्हणून 'गोवा' याच नावाचं कुत्रं रतन टाटांच्या कचेरीत वावरायचं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या अंत्यदर्शनाला तेही आणलं होतं. मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या श्वानाने १९९३च्या स्फोटांनंतर तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. तो २०००च्या नोव्हेंबरमध्ये गेला तेव्हा त्याला मानवंदना देण्यात आली. आणि पोलीस चौकीच्या पायरीवर झोपणारं, हवालदाराच्या डब्यातली अर्धी पोळी हक्काने खाणारं कुत्रं महाराष्ट्रात कुठे नाही? रात्री दोन वाजता त्या हवालदाराची तेवढीच सोबत असते.

पण त्या प्रेमापोटी एक गल्लत होऊ नये. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, बस आगारं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचे आदेश दिले. त्या आदेशावर प्राणिप्रेमी आणि चाव्यांनी हैराण झालेले नागरिक यांच्यात तीव्र मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंचं दुःख खरं आहे. आपल्या विषयापुरतं मी एवढंच म्हणेन: आवारात आपोआप राहणारं कुत्रं आणि निवडून, शिकवून, लस टोचून, हँडलरच्या हाताखाली ठरावीक वेळेला येणारं कुत्रं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा लळा लागतो म्हणून त्यालाच थेरपी डॉग म्हणून वॉर्डात आणणं धोक्याचं आहे. तसंच, पहिल्याच्या भीतीने दुसऱ्यालाही दार बंद करणं शहाणपणाचं नाही.

आता सुरुवातीच्या रास्त प्रश्नाकडे येतो. २०१६च्या मे महिन्यात मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. बारा-बारा, चौदा-चौदा तासांची ड्युटी हीच रीत मानलेल्या खात्यात त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने मनुष्यबळाचा हिशेब मांडून हे जमू शकतं असं दाखवलं, आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते उचलून धरलं. त्यातून पोलिसाला घरी जेवायला मिळालं, मुलाला शाळेत सोडायला मिळालं. निवासी डॉक्टरांबाबत १९९२ सालच्या केंद्रीय योजनेत सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी, असं लिहून ठेवलेलं आहे. सरकारी रुग्णालयात जाऊन कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारा, ती ओळ कागदावरच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती लांबलचक ड्युटीत जरा पडायला म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेली होती. कडी असलेली विश्रांतीची खोली जिथे मिळत नाही, तिथे आधी कुत्रं आणणं ही त्या कर्मचाऱ्यांची थट्टा ठरेल.

म्हणून मी क्रम सांगतो आणि त्यावर ठाम आहे. आधी माणसं पुरेशी, पाळी माणसाला झेपेल अशी, पाणी, स्वच्छतागृह, झोपायला सुरक्षित खोली. मग नाव गुप्त राहील असा समुपदेशक. आणि त्याबरोबर प्राणी. 'मग' म्हटलं म्हणून दहा वर्षं थांबा असा त्याचा अर्थ नाही. तीनही कामं एकाच वेळी सुरू करता येतात. फक्त तिसरं सुरू करून पहिल्या दोनांवर पडदा टाकू नये. ज्या व्यवस्थापनाला कुत्र्याबरोबरचे फोटो हवेत पण ड्युटी रजिस्टर दाखवायचं नाही, त्यांच्याकडे कुठल्याही हँडलरने आपलं कुत्रं नेऊ नये.

पुढच्या पानांत रुग्णालय, अग्निशमन दल, पोलीस आणि न्यायालय या चारही ठिकाणचे अनुभव सविस्तर येतील, प्राण्याची निवड कशी करावी आणि त्याला कामावरून निवृत्त कधी करावं तेही येईल. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्या अधिष्ठात्यांना, अधीक्षकांना आणि केंद्र अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की आधी आपल्याच रात्रपाळीच्या माणसांसोबत बसून हे पुस्तक वाचा आणि त्यांना काय हवं ते विचारा. त्यांनी कुत्रं हवं म्हटलं तर एक प्राणी, एक प्रशिक्षित हँडलर, आठवड्याला एक सत्र, एवढ्यावर सुरुवात करा. आणि सत्र थांबवण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून लेखी स्वरूपात हँडलरच्या हाती द्या.